तंबू ठोकण्याआधी तिथी पाहा

मे महिना लागला की दवाखान्यात एक ठरावीक मागणी सुरू होते. "डॉक्टरसाहेब, पोराबाळांना घेऊन कोकणात चाललोय. दोन रात्री समुद्रावरच तंबूत राहणार आहोत. उलटीच्या, जुलाबाच्या, तापाच्या गोळ्या लिहून द्या." मी गोळ्या लिहून देतो. घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी आणखी एक लिहितो. परंतु चार दिवस समुद्रावर गेलेल्या धडधाकट माणसाचा जीव जुलाबाने क्वचितच जातो. तो जातो पाण्यात. आणि पाण्याबद्दल मात्र कोणी काही विचारीत नाही. कारण पाणी आपल्याला कळते, अशी आपल्याकडच्या मंडळींची ठाम समजूत असते.

आपण कृष्णाकाठची माणसे. कमरेला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. अलीकडे मगरींच्या धास्तीने पुष्कळजण नदीत पाय घालीत नाहीत, हा भाग निराळा. पण हीच मंडळी आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला किंवा गगनबावड्यावरून मालवणला पोचली, की गाडीतून उतरल्या उतरल्या अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात शिरतात. मगर डोळ्यांना दिसते म्हणून तिची भीती वाटते. समुद्राची ओढ दिसत नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या एप्रिलमध्ये, मालवणजवळ वायरीला बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले ८ जण गेले. सगळी तरणीताठी, शिकलेली मुले. या मोठ्या घटना म्हणून लक्षात राहिल्या. एक-एक, दोन-दोन माणसे गेल्याच्या बातम्या आतल्या पानावर येतात आणि विसरल्या जातात. अशी बातमी आली की चौकात दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक, "यांना अक्कल नको का?" आणि दुसरे, "आता पोरांना समुद्रावर न्यायलाच नको." मला दोन्ही मते पटत नाहीत. बुडालेल्यांना अक्कल होती, माहिती नव्हती. आणि समुद्रावर न जाणे हा काही उपाय नव्हे.

उलट, तंबूतल्या मुक्कामाचा मी पुरस्कर्ता आहे. लॉजवर खोली घेतली की घरचीच तऱ्हा तिथे होते. पंखा, टीव्ही, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. तंबूत तसे चालत नाही. मुले दिवसभर उन्हावाऱ्यात हुंदडतात, रात्री नऊला गाढ झोपतात आणि पहाटे आपण होऊन उठतात. जी मुले आज लहान वयात चष्मा लावून माझ्यासमोर येतात, त्यांना मोकळ्या उजेडात खेळणे किती गरजेचे आहे हे आता संशोधनानेही मान्य केले आहे. वडील मुलांशी बोलतात, आजी गोष्ट सांगते, चुलीवर पिठले शिजते. ओल्या वाळूत अनवाणी चालल्याने तर पायाच्या पोटऱ्यांना जो व्यायाम होतो, तो जिल्ह्याच्या ठिकाणच्या महागड्या व्यायामशाळेतही होणार नाही. तेव्हा जरूर जा. फक्त विहिरीचे आणि नदीचे शहाणपण घाटावर ठेवून जा.

समुद्राचे पहिले गणित भरती-ओहोटीचे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या माणसांचा यासाठी एक सोपा हिशेब आहे. त्या दिवशीच्या तिथीचा आकडा पाऊणपट करायचा; जे उत्तर येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाला. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, जागेप्रमाणे तासभर मागेपुढे होतो, म्हणून गावातल्या माणसाला विचारून खात्री करावीच. पण आपल्या घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यात तिथी छापलेली असते. एकादशीला साबुदाणा भिजवण्यासाठी आपण ती पाहतो. समुद्रावर जाताना पाहायला हरकत नाही.

या हिशेबात तंबूवाल्यांसाठी एक मोठी मेख आहे. चांदण्यात मुक्काम करायचा म्हणून लोक मुद्दाम पौर्णिमा गाठतात. संध्याकाळी साडेपाच-सहाला पोचतात. त्या वेळी नेमकी ओहोटी असते. पौर्णिमा-अमावास्येची ओहोटी मोठी, पाणी लांबवर गेलेले, समोर सपाट, ओली, चकाकणारी वाळू. जागा झकास वाटते आणि मंडळी पाण्याच्या जवळ तंबू ठोकतात. रात्री अकरा-साडेअकराला, जेवणे होऊन मुले झोपलेली असताना, उधाणाची भरती पूर्ण होते. ज्या जोमाने पाणी मागे गेले, त्याच जोमाने ते वर येते. अंथरूण भिजले तर हसण्यावारी जाते. पण अंधारात, झोपेतून दचकून उठलेल्या घरात लहान मूल कोणाच्या हाताला लागेल आणि कोणाच्या नाही, याचा विचार करून पाहा. अष्टमीच्या आसपासच्या भरतीला कोकणात भांगाची भरती म्हणतात. ती नरम असते. पोरांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी हे दिवस निवडावेत, असे माझे मत आहे. चांदणे थोडे कमी मिळेल.

तंबू कुठे ठोकायचा याची खूण समुद्र स्वतःच ठेवून जातो. किनाऱ्यावर वाळक्या काटक्या, शेवाळ, शिंपले यांची एक वेडीवाकडी रेघ दिसते. मागची भरती तिथपर्यंत आली होती. तिच्याही बरेच वर, सुरूच्या बनाच्या कडेला तंबू असावा. नारळाखाली मात्र नको. नारळ आणि वाळलेले झाप खाली कोण झोपले आहे हे पाहून पडत नाहीत.

आता पाण्यात उतरण्याविषयी. लाटा किनाऱ्याकडे पाणी आणतात, तेव्हा ते पाणी कुठून तरी परत जायलाच हवे. वाळूत जिथे खोलगट पन्हळ झालेली असते, तिथून ते जोराने आत जाते. गंमत अशी, की या पन्हळीवर लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गुळगुळीत, किंचित गढूळ पाण्याचा पट्टा. लाटांना घाबरणारा नवखा माणूस नेमका हा शांत पट्टा निवडतो, आणि बायको-मुलांना तिथेच घेऊन जातो. गुडघाभर पाण्यात पायाखालची वाळू सरकते, दोन पावलांवर कमरेइतके होते आणि मग पाय टेकत नाहीत. माणूस जिवाच्या आकांताने किनाऱ्याच्या दिशेने हात मारू लागतो. या ओढीविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. तो दमतो आणि दमून बुडतो. अशा वेळी किनाऱ्याकडे न येता, किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे. पट्टा बहुधा फार रुंद नसतो; त्यातून बाहेर पडले की लाटाच आपल्याला किनाऱ्याकडे ढकलतात. पोहण्याचे त्राण नसेल तर उताणे तरंगत राहावे आणि एक हात वर करावा. ओढ माणसाला बाहेर नेते, खाली खेचीत नाही. खाली जातो तो घाबरल्यामुळे आणि दमल्यामुळे.

ओहोटी लागली की पाण्यात राहू नये, हे कोकणातले पोरही सांगेल. भरती चढत असताना, गावकरी दाखवतील त्याच जागी, आणि पोहता न येणाऱ्याने गुडघ्याच्या वर नाही. सपाट किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी शिंपले वेचीत फार आतही जाऊ नये, कारण भरतीचे पाणी आधी मागच्या सखल भागात भरते आणि परतीची वाट तोडते. मुलांसाठी नेलेली हवेची ट्यूब ही तर फसवी वस्तू. सकाळच्या वेळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी मतलई वारे पाठ केलेले आहेत. ट्यूबवर बसलेले मूल त्या वाऱ्याने हा हा म्हणता आत जाते आणि बाप मागे पळतो. पुढे काय होते ते आपण वर्तमानपत्रात वाचतो.

बुडणारा माणूस आरडाओरडा करतो, हा सिनेमाने करून दिलेला गैरसमज आहे. ज्याच्या तोंडात पाणी जात असते त्याला ओरडायला श्वास उरत नाही. तोंड वर, डोळे विस्फारलेले, हात पाण्यावर दाबल्यासारखे, आणि आवाज नाही. मूल तर खेळते आहे असेच वाटते. म्हणून घरातल्या एका मोठ्या माणसाने, पोटात दारूचा थेंब नसताना आणि हातात मोबाईल नसताना, नुसते पाण्याकडे पाहत बसावे. तासा-तासाची पाळी लावावी. आपल्याकडे असे होते, की वडील म्हणतात आई बघतेय, आई म्हणते काका बघताहेत, आणि काका मटणाच्या रश्श्याकडे बघत असतात. दारूबद्दल वेगळे काय सांगावे? सुटीचा आनंद म्हणून तंबूबाहेर बाटली उघडणारे कर्ते पुरुष त्या दिवसापुरते कुटुंबाच्या काही उपयोगाचे राहत नाहीत, आणि सर्वांत आधी पाण्यात शिरतात तेच.

कोणी बुडताना दिसला तर मागोमाग उडी घेऊ नये. एका माणसाच्या मागे तिघे-चौघे जातात ते असेच. दोर फेकावा. दोर नसेल तर पिण्याच्या पाण्याचा रिकामा कॅन घट्ट झाकण लावून फेकावा. तो माणसाला तरंगत ठेवतो. ओढण्या, साड्या एकमेकींना गाठी मारून फेकाव्यात आणि कोळी बांधवांना हाका माराव्यात.

माणूस बाहेर काढल्यावर जे प्रकार होतात, त्यांबद्दल मला कडक शब्दांत लिहायला हवे. त्याला उलटे टांगतात, खांद्यावर घेऊन गरागरा फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. पोटातून पाणी निघालेले पाहून लोकांना बरे वाटते. पण ते पोटातले पाणी. त्याने मरण येत नाही. उलट ते वर येऊन फुप्फुसात शिरते. श्वास बंद असताना मेंदू चार-पाच मिनिटेच तग धरतो आणि ही सोन्यासारखी मिनिटे आपण टांगाटांगीत घालवतो. त्याला कडक वाळूवर उताणे निजवावे. कपाळ मागे करून हनुवटी उचलावी. छाती हलत नसेल तर नाक चिमटीत धरून, त्याच्या तोंडावर आपले तोंड घट्ट लावून, छाती वर येईल असे दोन ते पाच श्वास आधी द्यावेत. बुडालेल्याला पहिली गरज हवेची असते. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा दाबावे, मोठ्या माणसाला ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. मग पुन्हा २ श्वास. लहान मुलाला एका हाताने, छातीच्या एक-तृतीयांश खोलीइतके. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसावे आणि पुन्हा सुरू करावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मदत येईपर्यंत थांबू नये. आणि शुद्धीवर येऊन "मी बरा आहे" म्हणणाऱ्यालाही रुग्णालयात न्यावेच. पाणी गेलेले फुप्फुस काही तासांनी बिघडू शकते. तंबूत नेऊन चहा पाजून निजवणे हा उपचार नव्हे.

पाण्याबाहेरचे धोके थोडक्यात सांगतो. कोकणात लाल विंचू आहे आणि लहान मुलाला तो जिवावरचा ठरू शकतो. दंशानंतर मुलाला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, तर घरगुती लेप लावीत बसू नये. महाड परिसरात आयुष्य वेचलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणातल्या डॉक्टरांना ही गोळी पाठ आहे, तेव्हा वेळ न दवडता जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. कातळावर फुरसे असते, आणि जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावते ती मण्यार. तिचा दंश दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. तंबूची चेन नेहमी लावलेली असावी, रात्री बाहेर पडताना बॅटरी हातात असावी, चपला-बूट झटकून घालावेत. पाकटाचा काटा पायात शिरला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवावा, वेदना उतरते, आणि मग जखम डॉक्टरांना दाखवावी. अवकाळी पाऊस आला म्हणून पेटती शेगडी तंबूत घेऊ नये. बंद तंबूत तिचा विषारी वायू झोपेतच माणसाला संपवतो.

उकाड्याबद्दल मात्र आपली मंडळी आकड्यांनी फसतात. "आपल्याकडे ४० अंश, तिथे तर ३३च आहे," असे म्हणून भरदुपारी किनाऱ्यावर क्रिकेट खेळतात. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंगातले पाणी आणि मीठ जाते, अंग मात्र तापतच राहते. दुपारी बारा ते चार तंबू म्हणजे भट्टी. तान्ह्या मुलाला किंवा आजोबांना तिथे निजवू नये, सुरूच्या किंवा आंब्याच्या सावलीत चटई टाकावी. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट भरलेले, ही जलसंजीवनी दिवसभर थोडी थोडी पाजावी. लघवी पिवळी आणि कमी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. इन्सुलिन गाडीच्या कप्प्यात ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ते चांगले राहते. मडके कोकणातही मिळते.

आता ज्यांच्या जिवावर हा तंबूंचा धंदा चालतो, त्यांच्याविषयी. गेल्या काही वर्षांत किनाऱ्या-किनाऱ्यावर भाड्याचे तंबू उभे राहिले आहेत. माणशी पैसे घेतात. त्यात रात्रीचे जेवण, शेकोटी, मोठ्या आवाजाची गाणी, सारे काही असते. पण एक लांब दोर, तरंगणारी दोन कडी आणि पोहणारा एक माणूस मात्र पुष्कळ ठिकाणी नसतो. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर सरकारने कंपनीमार्फत जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळे झेंडे लावून ते पोहण्याची जागा आखून देतात. आपल्या कोकणात काही किनाऱ्यांवर ही सोय आहे, पुष्कळांवर नाही. ग्रामपंचायती पर्यटकांकडून वाहनाचा कर घेतात. त्यातून गावातल्याच कोळ्या-गाबितांच्या चार तरुणांना हंगामापुरते मानधन देणे फार अवघड आहे असे मला वाटत नाही. भरती-ओहोटीची वेळ खडूने लिहिलेला एक फळा प्रवेशाच्या जागी ठेवायला तर काहीच खर्च नाही. "समुद्रात जाणे धोक्याचे आहे" अशी गंजलेली पाटी सगळीकडे असते. ती कोणी वाचीत नाही, कारण ती बाराही महिने तेच सांगते. फळ्यावर आजची वेळ असेल तर माणूस थांबून वाचतो.

सरकारने काही करायचे तेव्हा करो, पैसे मोजणारे आपण आहोत. तंबूसाठी फोनवर चौकशी करताना आपण गाडी कुठे लावायची, मासे मिळतील का, मोबाईल चार्ज होईल का, इतके सगळे विचारतो. त्यातच आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्याकडे दोर आणि पोहणारा माणूस आहे का? जवळचे आरोग्य केंद्र किती लांब, आणि रात्री तिथे पोचायला गाडी मिळेल का? आम्ही येऊ त्या दिवशी भरती किती वाजता? आणि पलीकडून "कधीही उतरा साहेब, आमच्याकडे काही भीती नाही," असे उत्तर आले, तर आगाऊ रक्कम पाठवू नये.